बेस्तरवारची ओली पट्टी

पट्टी बांधायला पाच मिनिटं लागतात. ती कोरडी ठेवण्याचं काम मात्र पेशंटच्या घरी चालतं, आणि तिथे आमचा हुकूम चालत नाही. सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत नऊ वर्षं काढल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

काम सोपं आहे. जुनी पट्टी सोडायची, जखम धुवायची, मेलेलं मांस चिमट्यानं काढायचं, औषधात भिजवलेलं गॉज आणि त्यावर कोरडं गॉज ठेवायचं, वरून बँडेज गुंडाळायचं. मग पेशंटकडे बघून म्हणायचं, "पाणी लागू देऊ नका." हे वाक्य मी दिवसाला चाळीस वेळा म्हणते. पट्टी भिजली की जखमेच्या कडा पांढऱ्या पडतात, आत पू धरतो, वास सुटतो. कोरडी राहिली तर जखम आपली आपण भरत येते आणि पेशंट श्रेय डॉक्टरांना देऊन घरी जातो. भिजली तर ती बाईंनी नीट बांधलेली नसते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, म्हणून मला नांदेडहून इकडे पाठवलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे. मुरुडच्या बाजूची माणसं आमच्याकडे एसटीनं येत, एवढं पुरे. नवा जिल्हा म्हणजे नेमकं काय, ते आम्हाला पहिल्या वर्षी फक्त कागदावर दिसलं. जुन्या जिल्ह्याचे छापील फॉर्म शिल्लक होते. त्यावरचं उस्मानाबाद पेनानं खोडायचं आणि वर लातूर लिहायचं. एका आठवड्यात मी चारशे वेळा जिल्हा निर्माण केला आहे.

जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. विहिरींनी तळ गाठला, टँकर सुरू झाले, दवाखान्याच्या नळातून सकाळी पाण्याआधी बराच वेळ हवा येऊ लागली. मला वाटलं, चला, निदान पट्ट्या तरी कोरड्या राहतील. प्यायला पाणी नाही तिथे अंघोळ कोण करतंय?

झालं उलटंच. सगळ्यात जास्त ओल्या पट्ट्या मी त्या वर्षी सोडल्या. पाणी कमी असलं की लोक रोजची अंघोळ सोडतात. लग्नाची, मयताची, ग्रहणाची, केस कापल्यावरची सोडत नाहीत. आणि ज्या अंघोळीला कारण असतं ती डोक्यावरूनच घ्यावी लागते.

मुरुडच्या एका किराणा दुकानदाराच्या कोपराला जखम होती. मी त्याला सांगितलं, अंघोळीच्या वेळी हात वर धरा. त्यानं इमानदारीनं धरला. बोटांवर पडलेलं पाणी मनगटावरून ओघळून थेट कोपरात. "तुमीच म्हनल्या वर धरा," तो म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. एक नवरदेव हळदीच्या दिवशी मोटारसायकलवरून पडून आला. गुडघ्याला सात टाके घातले. दुसऱ्या दिवशी पाच सुवासिनींनी त्याला न्हाऊ घातलं तेव्हा तो गुडघ्यावर छत्री उघडून बसला होता, असं त्याच्या बहिणीनं मला सांगितलं. छत्री छान होती. पाणी खालून आलं.

अशात जिल्ह्याच्या कार्यालयातून एक रंगीत चित्र आलं. भिंतीवर लावा, असा आदेश होता. चित्रात एक गोरा, गुटगुटीत माणूस शॉवरखाली उभा, एका पायावर प्लॅस्टिकची पिशवी, चेहऱ्यावर समाधान. खाली छापलेलं: ‘स्नान करताना मलमपट्टी कोरडी ठेवा.’ मी ते ड्रेसिंगच्या खोलीत लावलं. दिवसभर पेशंट त्याच्याकडे बघत बसत. एका आजीनं विचारलं, "बाई, ह्यो मानूस पावसात उघडा काय करून राहिला?" दुसरी म्हणाली, "पाऊस कुठला, झारी हाय ती. ह्याला झाड समजून पानी घालून राहिले." पट्टीचा विषय कुणीच काढला नाही. पाणी कुठलं आहे आणि टँकर कुणाच्या वशिल्याचा, यावर मात्र चर्चा झाली.

मग मी स्वतःच पत्रक लिहायला बसले.

पत्रकांशी माझं नातं जुनं आहे. आम्ही मूळचे नायगावकडचे. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि वडील नांदेडला एका छापखान्यात कामाला लागले. सभा, मोर्चे, जयंत्या, निषेध, सगळ्यांची पत्रकं तिथे छापली जात आणि बिघडलेले कागद आमच्या घरी येत. माझ्या शाळेच्या वह्यापुस्तकांना त्यांचीच कव्हरं असत. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचले. त्यामुळे कोणतीही गोष्ट पटली नाही की माझा हात कागदाकडे जातो.

पत्रक असं होतं. कपड्याच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची पिशवी घ्या, भोक नाही ना ते आत फुंकर मारून बघा. पिशवीत पाय घाला. जखमेच्या वर चार बोटं जागा सोडून, कोरड्या कातडीवर, सायकलच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं चढवा. ते इतपत सैल हवं की खालून बोट गेलं पाहिजे, आवळलं तर पाय काळा पडेल. बाजेवर बसा, तो पाय उलट्या घमेल्यावर बाहेरच्या बाजूला ठेवा आणि पाणी दुसऱ्या अंगावर घ्या. डोक्यावरून घेऊ नका. आधी अंग पुसा, मग पिशवी काढा. पाणी कमी असेल तर ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी माणूस स्वच्छ होतो. एवढं करूनही पट्टी भिजली तर त्याच दिवशी या, लपवू नका, कुणी रागावणार नाही.

शेवटचं वाक्य खोटं होतं. मी रागावत असे. पण वडिलांनी गुलाबी कागदावर दोनशे प्रती छापून एसटीनं पाठवल्या आणि त्या चालल्या. डॉक्टर म्हणाले, परवानगी न घेता शासकीय भिंतीवर लावू नका. म्हणून मी त्या भिंतीवर न लावता हातात दिल्या. महिन्याभरात ओल्या पट्ट्या निम्म्यावर आल्या. मला कुणी शाबासकी दिली नाही, आणि ती नसल्यामुळे माझं काही अडलंही नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

त्याच महिन्यात तात्या आले.

तात्या म्हणजे गोविंदराव, साठीला टेकलेले, गावात जमीनजुमला असलेल्या घराचे. आटलेल्या विहिरीतला गाळ काढताना उजव्या पायावर पहार पडली होती. करंगळीच्या बाजूनं पाऊल चिरलं होतं आणि अंगात साखर. साखरेच्या माणसाची जखम हा आमच्या धंद्यातला सगळ्यात चिवट प्रकार. त्याला दुखत नाही, म्हणून तो घाबरत नाही, आणि पाय आतून चाललेला असतो. खरं तर अशी पट्टी रोज बदलायला हवी. पण गावची एसटी आठवड्यातून दोनदाच यायची, गुरुवारी आणि रविवारी. तात्यांच्या भाषेत बेस्तरवारी आणि आयतवारी. गुरुवारी मी पट्टी बांधत असे. रविवारी माझी सुट्टी, तेव्हा माणिकराव कंपाउंडर बांधत.

तात्या बोलायला लाघवी. आले की दारातूनच, "शिस्टर, बऱ्या हाव का?" त्यांच्याबरोबर त्यांची बायको सोजरबाई असे, हातात पिशवी घेऊन, भिंतीला टेकून उभी. मी तात्यांनाही गुलाबी पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

रविवारी पट्टी ओली.

पुढच्या गुरुवारी माणिकरावांची पट्टी मी सोडली. ती खडखडीत कोरडी. त्यानंतरच्या रविवारी माझी परत ओली. तीन आठवडे असंच. आमच्या रजिस्टरात एक रकाना असतो, त्यात पट्टी कोरडी की ओली ते लिहायचं. माझ्या नावापुढे ओली, ओली, ओली. माणिकरावांच्या नावापुढे कोरडी, कोरडी, कोरडी. माणिकराव मोठ्या मनाचे. डॉक्टरांसमोर म्हणाले, "बाईंचं चुकतं असं न्हाई सायेब. बाईमानसाच्या हातात जोर कमी असतो."

आता माणिकरावांच्या पट्टीबद्दल. ती वरून कोरडी असे आणि आत काहीच केलेलं नसे. त्यांना जखमेची किळस यायची. जुन्या गॉजवर नवं गॉज ठेवून ते वरून छान गुंडाळत. म्हणजे रविवार ते गुरुवार तात्यांचा पाय कोरडा आणि घाण, गुरुवार ते रविवार स्वच्छ आणि ओला. एवढ्या शिस्तीनं कुठलाही पाय सडला नसेल.

पण मी हे असं हसून तेव्हा बघू शकत नव्हते. मला माझ्या हाताची शंका आली. खोलीवर मी माझ्याच पायाला पट्टी बांधली, पिशवी चढवली, वाट्याला आलेल्या अर्ध्या बादलीत अंघोळ केली. कोरडी. दुसऱ्या दिवशी बँडेज सैल बांधून बघितलं. तरी कोरडी. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "घाम येतो शिस्टर. ऊन किती पडून राहिलंय." एकाच पायाला, तोही आठवड्यातले ठरावीकच दिवस घाम येतो, हे मी नर्सिंगच्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

चौथ्या गुरुवारी तात्या डॉक्टरांच्या खोलीत गेले तेव्हा मी सोजरबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"काकू, माझी पट्टी ओली का होते ते तुम्हाला माहीत आहे. मला सांगा. माझं चुकत असेल तर मी सुधारीन."

त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. "तुमचं कायबी चुकत न्हाई, लेकी."

"मग?"

"आयतवारी माणिकराव बांधतेत."

"हो."

"बेस्तरवारी तुमी बांधता."

"हो."

"मंग बेस्तरवारी घरी गेलं की त्ये डोक्यावरून पानी घेत्यात."

हे समजायला जेवढा वेळ लागायला नको होता तेवढा मला लागला. मी तिथेच उभी होते. हातात ट्रे होता. मला बहीण म्हणून हाक मारणारा, माझी खुशाली विचारणारा माणूस घरी जाऊन मला अंगावरून धुऊन टाकत होता, आणि मी तीन आठवडे माझ्याच पायाला पट्टी बांधून स्वतःची चूक शोधत होते.

"दुष्काळात?" मी एवढंच विचारलं.

"दोन घागरी लागत्यात."

"टँकरच्या?"

सोजरबाईंनी दोन्हीकडे बघितलं. "टँकर चार दिसाआड येतो. प्यायला पुरंना. समद्या गावात एकच हापसा चालू हाय, खालच्या वस्तीतला. तुमच्या लोकांच्या. तिथून आनते मी. त्याहनला ठाव न्हाई. ठाव झालं तर त्या पान्याला शिवायचे न्हाईत, आन् मला घरात ठिवायचे न्हाईत. तुमाला शपथ हाय."

मी हसले. व्हरांड्यातल्या माणसांनी वळून बघितलं इतकी हसले. आमच्या हाताचा विटाळ आमच्याच हापशाच्या पाण्यानं जात होता. सोजरबाई हसल्या नाहीत. त्या दोन घागरी दर गुरुवारी त्यांच्या डोक्यावरून येत होत्या.

मी शब्द दिला आणि पाळला.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मी त्यांना अंघोळीचं सांगितलं, पाण्याचं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग असं करू. गुरुवारीही माणिकरावांनाच बांधू द्या. प्रश्न मिटला."

"माणिकराव जखम धूत नाहीत."

"त्यांना सांगू."

"आणि मी काय करू?"

"सिस्टर, माणुसकीच्या दृष्टीनं बघा. पेशंटचा पाय महत्त्वाचा."

ही माणुसकी नेहमी माझ्याच बाजूनं का निघते, हे मी विचारलं नाही. मी म्हणाले, ड्रेसिंग माझं काम आहे, मी ते सोडणार नाही. लेखी आदेश द्या, कारणासकट द्या. डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि तात्यांचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला अवघड आहे. त्याच दुपारी तात्यांच्या पायाला पट्टी बांधताना मी त्यांना काहीही सांगितलं नाही. पिशवीची पद्धत पुन्हा समजावायला हवी होती. अंघोळ करायचीच असेल तर निदान अशी करा, एवढं म्हणायला हवं होतं. माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या पिशव्या आणि ट्यूबची वेटोळी तयार होती. येईल त्याला मी देत होते. तात्यांना दिली नाही. मला वाटलं, मला धुऊन काढायच्या अंघोळीची सोय मीच का करून द्यायची? आजही हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. फक्त त्या दिवशी तो विचारायची जागा चुकली. मी पट्टी बांधली, "पाणी लागू देऊ नका" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

खोलीवर जाऊन मी पत्रक लिहिलं. चार पानांचं. अंघोळ, विटाळ, दुष्काळ, मनू, नवा जिल्हा, माणिकराव, सगळे त्यात होते. गावाचं आणि माणसाचं नाव घातलं नव्हतं, पण शेवटी ‘जाहीर निषेध’ होता. सकाळच्या गाडीनं नांदेडला पाठवलं. पाच प्रकारच्या टायपात छापा, असंही लिहिलं.

तीन दिवसांनी रविवार आला. सुट्टी असूनही मी दवाखान्यात गेले, कारण आता मला रजिस्टर बघायची सवय लागली होती. माणिकरावांनी पट्टी सोडली आणि नाक दाबून बाहेर आले. करंगळी काळी पडली होती. डॉक्टरांनी त्याच सकाळी ती काढली. मी ट्रे धरून उभी होते. त्यांनी तात्यांना आणि सोजरबाईंना एकत्र बसवून सांगितलं, की पुन्हा पट्टी ओली दिसली तर हे पावलावर चढेल, आणि मग इथे काही करता येणार नाही, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात घोट्यापासून काढावं लागेल. तात्या म्हणाले, "बरं." पुढचे चार दिवस त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. रोजची पट्टी डॉक्टर स्वतः बघत.

बुधवारी वडिलांचं पाकीट आलं. माझा मजकूर तसाच परत. त्यांनी एक अक्षरही जुळवलं नव्हतं. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘मजकूर चांगला आहे. त्या माणसाच्या पायाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. ते कळव, मग छापतो.’

मी डॉक्टरांना विचारलं, पिशवी दिली असती तर करंगळी वाचली असती का. ते म्हणाले, साखर आहे, सांगता येत नाही, बहुतेक गेलीच असती. त्यातलं ‘बहुतेक’ मी बरोबर घेऊन फिरते.

गुरुवारी तात्यांना घरी सोडायचं होतं. शेवटची पट्टी मला बांधायची होती. मी जखम धुतली, गॉज ठेवलं, बँडेज गुंडाळलं आणि मग खणातून पिशवी काढून टेबलावर ठेवली. सोजरबाई नेहमीसारख्या भिंतीला टेकून.

"तात्या, गुरुवारी घरी गेल्यावर तुम्ही डोक्यावरून अंघोळ करता ते मला माहीत आहे."

तात्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं ट्रेकडे.

"कशासाठी करता तेही माहीत आहे."

ते गडबडले नाहीत. "रीत हाय, शिस्टर. तुमच्यावर राग न्हाई आपला. उलट तुमचा मान ठिवून करतो."

"मान ठेवून?"

"हाव. हितं करत न्हाई. घरी जाऊन करतो."

मी दहापर्यंत आकडे मोजले. "बरं. अंघोळ करा. मी अडवत नाही. फक्त ह्या पिशवीत पाय घाला, वेटोळं लावा आणि पाय बाहेर ठेवा. पाणी पायावर येता कामा नये."

तात्या समजूतदार माणूस. त्यांनी पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारात पडले.

"पर शिस्टर, तुमचा हात तर पायालाच लागतोय."

"हो."

"मंग पाय सोडून बाकीचं धुऊन काय उपेग?"

"तेच मी विचारतेय."

"पिशवीवरून पानी घेतलं तर?"

"पट्टीला चालेल. रीतीला चालतं का ते तुम्ही बघा."

तात्या खरोखर अडले. एवढा प्रामाणिक गोंधळ मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. विटाळ सगळा पिशवीच्या आत आणि पाणी सगळं बाहेर. ते शेवटी म्हणाले, "ह्ये गुरुजीला इचारावं लागंल."

"इचारा," भिंतीकडून आवाज आला. "आन् पानी कुठलं हाय तेबी सांगा त्याहनला."

सोजरबाई पुढे आल्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"कुठलं म्हंजी? टँकरचं," तात्या म्हणाले.

"टँकरचं तुमी पिता. अंघुळीचं खालच्या वस्तीतलं हाय. हापशाचं. म्हैना झाला."

तात्या हातातल्या पिशवीची घडी घालू लागले.

"पैल्या दिशी मी तिथल्या जनाबाईला म्हनले, तू हापस, मी लांबून घागर धरते. तिनं हापसलं. धा दिस हापसलं. मंग तिच्या कमरंत चमक भरली, तर आता मीच दांड्याला लोंबकळते आन् ती घागर धरती. तिनं एकदाबी इचारलं न्हाई एवढं पानी कशाला. इचारलं असतं तर काय सांगनार व्हते मी तिला?"

"म्हंजी मी..."

"हाव. त्याच पान्यानं."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर तुमी मला दुसरीकडचं आनाया लावलं असतं. दुसरीकडं पानी न्हाई. बोट गेलं, आता पाऊल जाऊन राहिलं. तुमाला उचलून परसाकडं न्यायला मलाच लागनार हाय. मला घरात ठिवायचं नसंल तर नका ठिवू. चालायला तर येऊ द्या."

शेजारच्या खोलीत कुणाचं तरी मूल इंजेक्शनला रडत होतं. मला वाटलं, आता तात्या उठतील, ओरडतील, पट्टी फाडून काढतील. त्यांनी हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला.

"गावात ह्ये कुनाला ठाव हाय का?"

"समद्या बायांला. समद्यांच्या घरातलं वापरायचं पानी तिथलंच हाय. गडीमानसांलाच ठाव न्हाई."

तात्यांनी मान वर केली. बहुधा एकेक घर डोळ्यांसमोरून जात असावं, सरपंचाचं, भावकीचं, गुरुजींचं. मग पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चला. यष्टी जाईल."

माझ्याजवळ बोलायला खूप होतं. चार पानं तर तयारच होती. मी सोजरबाईंच्या पिशवीत दोन कोऱ्या पट्ट्या टाकल्या आणि म्हणाले, "काकू, रविवारी लवकर या."

रविवारी पट्टी कोरडी आली. माणिकरावांनी ती सोडली, आत बघितलं आणि रजिस्टरात ‘कोरडी’ लिहून मला निरोप ठेवला: ‘या वेळी बाईंनी नीट बांधली.’ त्यानंतर डॉक्टरांनी माणिकरावांना औषधांच्या खिडकीवर बसवलं आणि रविवारची ड्रेसिंगही मी घेऊ लागले. माझी एक सुट्टी गेली. तात्यांच्या पट्ट्या त्यानंतर एकदाही ओल्या आल्या नाहीत. गावात ते सांगत होते की डॉक्टरांनी अंघोळच बंद केली आहे, साखरेला चालत नाही. माझं नाव त्यात कुठे नव्हतं, हापशाचंही नव्हतं. सोजरबाईंना मी एकदा विचारलं, घरी काही बोलले का? त्या म्हणाल्या, "न्हाई. जेवताना नुसतं तांब्याकडं बघत्यात."

वडिलांना मी कळवलं, की करंगळी गेली, पाऊल राहिलं, आणि त्यात थोडा वाटा माझ्या गप्प बसण्याचा आहे. मी ते सगळं पत्रकात घालायला बसले तेव्हा निषेध कुणाकुणाचा करायचा याची यादी लांबली आणि मी स्वतः तिच्यात आले. चार पानं अजून माझ्याकडे आहेत. छापली नाहीत.

जखम भरायला अडीच महिने लागले. शेवटच्या गुरुवारी मी बँडेज सोडलं आणि नवं गुंडाळलं नाही. खाली गुलाबी, चकचकीत, नवी कातडी आली होती. मी बोटानं चारी बाजूंनी दाबून बघितलं. तात्या माझ्या हाताकडे बघत होते.

"आता पट्टी नको," मी म्हणाले.

"न्हाई लागत?"

"नाही."

ते चप्पल घालत थोडे थांबले. "मंग शिस्टर, आता अंघोळ केली तर चालंल का? डोक्यावरून?"

सोजरबाई दाराबाहेर एसटीची चौकशी करत होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"चालेल," मी म्हणाले.

त्यांनी त्या दिवशी घरी जाऊन अंघोळ केली असेल. अडीच महिन्यांनी कुणीही केली असती. ती मळ धुवायला होती की मला, ते मला ठाऊक नाही. आधी पट्टी बघून कळायचं.